सुतकातलं वावर

माझ्या मोठ्या जावेला, झुंबरबाईला, गावात 'कावळेवाली' म्हणायचे. मागून हं, समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझ्यादेखत एकदा एकीने म्हटलं, तर मी तिच्याच घागरीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं होतं. आता मी धुळ्याला लेकाकडे राहते, बोलणंही शहरातल्यासारखं झालंय, पण ते नाव ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं. म्हणून ते नाव कसं पडलं ते मीच सांगते. दुसऱ्या कोणाला विचाराल तर ती चेटकीण होती असंच सांगतील मेले.

आमचं उमरखेडं चोपड्याच्या वर, अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी, अनेर नदीच्या काठी. गावात बहुतेक घरं एकाच कुळाची, सगळी आमची भाऊबंदकी. झुंबरबाईला मी अक्का म्हणायचे; तिचा नवरा लोटन माझा जेठ, म्हणजे थोरला दीर. माणूस चांगला, पण एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर निघायचं नाही. मानमोडीची, म्हणजे त्या मोठ्या तापाची, साथ येऊन गेली त्यानंतर चार-पाच वर्षांनी तो कसल्याशा कामाला धुळ्याला गेला आणि तिथल्या सरकारी शेतातून भुईमुगाचं नवं बी घेऊन आला. जपानी की काय म्हणत होते त्याला. एका गाठोड्यात होतं, आणि ते त्याने वाटभर मांडीवर ठेवून आणलं होतं.

भुईमूग आमच्याकडे होताच, पण पसरी. वेल जमिनीवर लोळायचे, शेंगा लांबलांब विखुरलेल्या, दिवाळीनंतर कुदळीने खणून काढायच्या. ही नवी जात उपटी. झाड उभं वाढतं, शेंगा बुडाशी झुबक्याने लागतात, झाड धरून ओढलं की सगळं हातात येतं, आणि दसऱ्याच्या आधीच तयार. लोटनभाऊंनी पेरायचे धडेही आणले होते. बी हाताने फोडायचं, बडवायचं नाही. ओळी जवळ धरायच्या. आऱ्या जमिनीत शिरेपर्यंत तणासाठी कोळपं चालवायचं, आणि एकदा शिरल्या की वावरात पाय टाकायचा नाही. आऱ्या म्हणजे काय, तर फूल वाळलं की त्याच्या बुडातून एक दांडी निघते, वाकते आणि आपली आपण जमिनीत घुसते. तिच्या टोकाला शेंग.

मला ते बघून कसंतरीच व्हायचं. बाकी झाडं आपलं फळ उन्हात धरतात. हे झाड आपण तान्हं लेकरू पुरतो तसं आपलं लेकरू पुरतं. मी हे अक्काला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुले पेरानं नही तं पेरू नको. भलतंसलतं बोलू नको." तिलाही ते आवडत नव्हतं, मला ठाऊक आहे. पण नवऱ्याची टिंगल तिने स्वतः केली तर केली, दुसऱ्याला करू दिली नाही.

त्या वर्षी पीक असं आलं, की गाव बांधावर येऊन बघायचं. लोटनभाऊ वावरात उकिडवे बसायचे, जमिनीला कान लावायचे. काय ऐकता, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुकदेवने, विचारलं तर म्हणाले, शेंग भरते ती ऐकतो. सगळे हसले. हसायला काय जातंय.

मग भादव्याच्या शेवटी पाला पिवळा पडू लागला. शेंगा किती भरल्या ते बघायला लोटनभाऊंनी एका झाडाच्या बुडाशी मातीत हात घातला, आणि फुरशाने चावा घेतला. घरी चालत आले. मनगटापासून वर हात सुजत चालला होता, नखांत माती तशीच. मांत्रिक झाला, झाडपाला झाला. अक्का उशाशी बसली होती, मी दाराआड. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, लेकाचं, पुनाचं, घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "पाला पिवळा पडी ग्या. आते थांबू नका. पानी लागना तं बठ्ठं जाई." संध्याकाळच्या आत गेले.

अक्काने हंबरडा फोडला. आमच्याकडे सुतक त्या हंबरड्यापासून धरतात. घरातून पहिलं रडणं उठलं, की भाऊबंदकीत ज्याच्या हातात जे औत असेल ते तिथेच खाली ठेवायचं, आणि तेरावा होईपर्यंत कोणी वावराला हात लावायचा नाही. पीक उपटायचं नाही, कापायचं नाही, दुसऱ्याकडूनही करून घ्यायचं नाही. पूर्वीपासून चालत आलेलं, आणि त्याने कधी कोणाचं बिघडलंही नव्हतं. ज्वारी उभी राहते, कापूस बोंडात राहतो, पसरी भुईमूग तर महिनाभर जमिनीत सुखाने निजतो. तेरा दिवसांनी कोणाचं काय जाणार?

सरण विझलं नाही तोच हस्ताचा पाऊस लागला. अक्का डोक्यावरून पदर घेऊन कोपऱ्यात बसलेली. तिसऱ्या दिवशी झिपरू आबा, आमच्या भाऊबंदकीतले वडीलधारे, दारी आले तेव्हा ती कोपऱ्यातूनच बोलली. नवऱ्याने मरताना सांगितलंय, पाणी लागलं तर सगळं जाईल, शेंग थांबणार नाही, उपटू द्या. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सुतकमा वावरले हात लावाना नही, पोरी. बठ्ठा गावनी हाईच रीत शे." तिने पदर आणखी पुढे ओढला.  

वावराची राखण खेमा पावरा करायचा. डोंगरातला माणूस, वाघाला न भिणारा. तो रोज येऊन अंगणाबाहेर उभा राहायचा आणि हकिगत सांगायचा. आधी म्हणाला, कोल्हे यायचे बंद झाले. बरं झालं की, मी म्हटलं. मग म्हणाला, कुत्रा वावरात शिरत नाही, बांधावर बसून नुसता बघतो. पाऊस चालूच होता. पुढच्या खेपेला त्याने सांगितलं, प्रत्येक झाडाच्या बुडाशी माती फुगून फुटली आहे. "बाई, वावर खालतून उठी ऱ्हायनं."

कोपऱ्यात अक्काची मान वर झाली.

खेमाने धोतराच्या सोग्यातून एक शेंग काढून उंबऱ्यावर ठेवली. शेंगेला भोक पडलं होतं आणि त्यातून जाडसर पांढरा कोंब वळून बाहेर आला होता, नुकत्या फुटलेल्या दातासारखा. मी ती काठीने अंगणात ढकलली, हाताने उचलली नाही. खेमा निघाला तो थबकला. आपण उद्यापासून राखणीला जाणार नाही म्हणाला. का, तर दिवस मावळायच्या सुमाराला ओळींच्या मध्ये कोणीतरी उकिडवं बसलेलं असतं, जमिनीला कान लावून. "मालक वावरमाच शेतस. मंग मी कोनी राखन करू?" तो डोंगरात निघून गेला आणि त्या साली परत आला नाही.

मी अक्काकडे बघितलं. वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. जमिनीवर बोटाने ओळी ओढत बसली, एक झाली की दुसरी. मला तिची भीती वाटली, खरं सांगते.

दहाव्याला पाऊस उघडला आणि सगळे पुरुष अनेरवर गेले. पिंड मांडला आणि कावळ्याची वाट बघू लागले. एकही कावळा नाही. झाडावर नाही, वाळूत नाही, आभाळात नाही. सुकदेवने हात जोडून सांगितलं, भाऊ, वहिनीला अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, पुनाचं शिक्षण करू, कोणी म्हणालं, लग्न करू. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात आबांनी वर बघितलं आणि भटजींचा हात धरला. आमच्या वावराच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं, आणि ते ढग नव्हते.

सगळे ओल्या पायांनी तिकडे गेले. पुरुष तिकडे जाताना दिसले तशी मी बायकांबरोबर मागून गेले, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पंचक्रोशीतले कावळे त्या वावरात उतरले होते. कावकाव नाही, भांडण नाही. ओळीओळीने चालत होते, माना खाली, रोपणी करणाऱ्या बायकांसारखे. आणि पिवळ्या पडलेल्या जुन्या झाडांखाली, त्याच ओळींत, कोवळी हिरवीगार नवी रोपं वर आली होती. अवेळी, आणि कोणी न पेरता.

  आबा म्हणाले, "मेलेल मानूसनं पेरेल शे हाई. आते हाई वावर तेन्हं." आणि तिथेच ठरलं. ह्या शेंगेला कोणी हात लावायचा नाही, कोणी खायची नाही, ह्या वावरात पुन्हा औत घालायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या नवऱ्यानेही हलवली, नंदीबैल मेला.

मी पळत घरी आले आणि अक्काला सांगितलं. तिने सगळं ऐकलं. कावळे किती होते ते पुन्हा विचारलं. मग ती कोपऱ्यातून उठली. सुतकातली विधवा, दहावा पुरता झालेला नाही, आणि ती उंबरा ओलांडून भर दुपारी गावातून चालत निघाली. मी मागे. काय करणार, तिला एकटी सोडू?

पुरुष अजून बांधावरच होते. ती आबांच्या समोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण आवाज सगळ्या बांधाला ऐकू गेला. "पिंडले नही शिवना, शेंगले शिवना. मंग तेन्हा जीव कशामा व्हता, ते तुम्हीच सांगा, आबा."

 कावळा ज्याला शिवतो त्यात मेलेल्याची वासना, हे आबाच आम्हाला जन्मभर सांगत आले होते. आता कुठे जाणार? ती तेवढ्यावर थांबली असती तरी मी तिची आरती ओवाळली असती. पण ती वावरात उतरली आणि झाड उपटायला लागली.

मीही उतरले. शूर होते म्हणून नाही, ती एकटी दिसत होती म्हणून. ती जात एका ओढीने हातात येते असं लोटनभाऊ सांगायचे. मी झाड धरलं, ओढलं, तर येईना. खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं. सोडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा तसंच. शेंगांतल्या कोंबांनी खाली मुळं धरली होती, हे आता मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की मातीतून कोणीतरी आपल्या बाजूला ओढतंय. मी देवाचं नाव घेत रडत ओढत होते. कावळे उडाले नाहीत. आम्ही पुढे सरकलो की दोन पावलं बाजूला व्हायचे आणि आमच्या मागे पुन्हा जमायचे. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघीच होतो, आणि बांधावर कोणी उरलं नव्हतं.

सगळं वावर गेलं होतं. फक्त वरच्या अंगाला, मुरुमाच्या उतारावर पाणी ठरलं नव्हतं, तिथल्या शेंगा कोरड्या आणि बिनकोंबाच्या निघाल्या. एक टोपलीसुद्धा भरली नाही. अक्काने ती टोपली उरापाशी धरली आणि तेव्हा कुठे रडली. मला म्हणाली, "तेनी सांगेल व्हतं, वच्छी. आन मी बसनी ना कोपरामा." तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय होतं माझ्याकडे?

त्यानंतर ती कावळेवाली झाली. तिच्या घरचं पाणी लोक टाळायचे. पोरांना तिच्या सावलीतून ओढून घ्यायचे. तिने कोणाची पर्वा केली नाही. पुढच्या मृगाला ती टोपली त्याच वावरात पेरली, पाला पिवळा पडला तसं उपटलं, बांधावर शेंगा भाजल्या आणि सगळ्यांच्या देखत खाल्ल्या. मलाही दिल्या. तिच्याकडे बघून मी त्या चावून गिळल्या. लोक आम्हा दोघींच्या मरणाची वाट बघत राहिले. दोन-तीन वर्षं वाट बघून कंटाळले, तेव्हा त्यांना दिसलं की तिच्या खळ्यावर आपल्यापेक्षा मोठा ढीग आहे आणि तोही दिवाळीच्या आधी.

मग एकेक जण यायला लागला. आधी आपल्या बायकांना पाठवायचे, सूप पदराखाली झाकून. आबांच्या घरूनही सून आली. अक्काने कोणाला परत पाठवलं नाही. हाताने बी कसं फोडायचं, ओळ किती जवळ, कोळपं कधी थांबवायचं, सगळं लोटनभाऊंसारखंच सांगायची, अगदी त्यांच्याच शब्दांत. पण बी ओंजळीत ओतायच्या आधी एक कबुली घ्यायची. पाला पिवळा पडला की उपटायचं, कोणासाठी थांबायचं नाही. मेलेल्यासाठीसुद्धा नाही. समोरची बाई हो म्हणायची आणि घाईने निघायची. ती वेळ खरंच येईल असं कोणाला वाटलं होतं?

नशीब म्हणा, वीसेक वर्षं गावात शेंग तयार असताना कोणी मेलं नाही. तोवर पसरी कोणाकडे उरली नव्हती. बांधाला बांध लागून सगळ्यांचा उपटी भुईमूग. अक्काचा पुना मोठा झाला, त्याची पोरं झाली. दुसरी मोठी लढाई संपून गेली, आणि रेशनच्या दिवसांत शेंगेनेच आमचं गाव तगलं.

त्याच सुमाराला अक्काने अंथरूण धरलं. भादवा संपत आलेला, सगळ्या शिवाराचा पाला पिवळा, आणि सातपुड्यावर ढग येऊन बसलेले. गावाने उपटणी दुसऱ्या दिवशीच धरली होती. पहाटे मी तिच्याजवळ होते. तिने माझं मनगट धरलं, आणि त्या हातात अजून एवढा जोर कुठून आला होता देव जाणे. "वच्छी, वावर मोकळं व्हवावर रडजो. तोवर कोनीच रडानं नही." मी म्हटलं, गप पड, काही होत नाही तुला. थोड्या वेळाने हात सैल पडला.

माझ्या छातीतून रडं वर आलं ते मी पदराच्या बोळ्याने दाबलं. मी रडले असते तर तिथेच सगळ्या गावाचे हात बांधले गेले असते. मला तिचा राग आला हो. जन्मभर माझ्यावर हुकूम चालवला आणि मेल्यावरही कामाला जुंपलं. माणसाने आपल्या माणसासाठी रडायचं नाही म्हणजे काय? मी तिचे डोळे मिटले, गोधडी गळ्यापर्यंत ओढली, तोंड उघडंच ठेवलं. झोपलेल्याचं तोंड कोणी झाकत नाही.

पुना अंगणात दात घासत होता. "माय?" त्याने विचारलं.

"निजेल शे. चाल, वावरमा चाल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दारातून आत बघितलं. तोंडातलं राखुंडीचं पाणी त्याने गिळलं, थुंकला नाही, आणि टोपली उचलली.

आबांच्या मागे भाऊबंदकीत आता त्यांचा मुलगा रुपचंद मोठा होता. तो रोजच्यासारखा विचारपूस करायला आला. "भाभी कशी शे?"

"निजेल शे," मी म्हटलं. पदराचा बोळा अजून माझ्या हातातच होता, तो त्याला दिसला.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत बघितलं, मग वर ढगांकडे बघितलं. त्याच्या बापाने ह्याच दारात उभं राहून नाही म्हटलं होतं. रुपचंदने डोक्याचं पागोटं काढून दाराबाहेरच्या खुंटीला लावलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "निजू द्या तिले," म्हणाला, आणि गल्लीतून वावराकडे निघाला.

त्या दिवशीसारखी उपटणी मी कधी बघितली नाही. सगळं गाव वावरात, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. गाणं नाही, हाका नाही. माता लेकरांना छातीशी दाबून गप्प ठेवत होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. झाडं मातीतून निघताना जो सुर्र आवाज येतो, तेवढाच शिवारभर. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आपल्या वावरातलं झालं की माणूस मुकाट्याने शेजारच्या वावरात जायचा.

दुपारी मी घरी एक फेरी टाकली. मांजर आत शिरेल ही भीती. माझ्या आधी शेजारची दगडीबाई विस्तव मागायला म्हणून येऊन गेली होती. चुलीत विस्तव नव्हता. अक्काच्या पायांवरची गोधडी नीट सारखी केलेली दिसली, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. तिच्या चेहऱ्यावर माशी बसली ती मी वारली. "होतंय गं," मी तिला म्हटलं, "थोडं राह्यलंय." आणि तोंडातून निघाल्यावर मी अशी घाबरले, की उत्तर येईल की काय म्हणून दाराशी क्षणभर थांबले.  मी परत वावरात गेले.

दिवस कलायला आला तेव्हा शेवटची ओळ उरली. ती पुनाने उपटली. गाड्या खळ्यावर गेल्या, ढीग पाल्याने झाकले. वाऱ्याला ओल आली होती. मी रिकाम्या शिवाराकडे एकदा बघितलं. मग घरी आले, आत जाऊन अक्काच्या तोंडावरून गोधडी ओढली, उंबऱ्यावर बसले आणि पदर तोंडातून काढला.

दिवसभराचं एकदम बाहेर आलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. सगळं गाव, आत्ताच कानावर पडल्यासारखं, हातातलं टाकून धावत आलं. बायका छाती पिटत आल्या, पुना उंबऱ्यावर कपाळ आपटायला लागला. रुपचंद गर्दीतून पुढे झाला. त्याच्या हाताला कोपरापर्यंत माती होती. आपल्या कुळाच्या मोठ्या माणसाने विचारायचं असतं तसं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशी वेळ विचारली, "कव्हय गयी?"

"आते," मी म्हटलं. "आत्तेच."